रंगाखालची कड : खाडीकाठच्या एका हलक्या हेलिकॉप्टरच्या पात्याचे प्रकरण

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, रबाळे आणि महापे यांच्या दरम्यान, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी एका खासगी हेलिपॅडवर उभे राहणारे, रॉबिन्सन कंपनीच्या आर-४४ जातीचे चार आसनी हेलिकॉप्टर हा या प्रकरणाचा विषय आहे. मालक, वैमानिक, अभियंता आणि प्रत्यक्ष प्रसंग ही मांडणी देखभाल अभियंत्यांच्या वर्गात चर्चा व्हावी म्हणून रचलेली आहे. पात्याची बांधणी, त्याविषयीचे आदेश, मुदती आणि आकडे मात्र खरे आहेत. काळ २०१७ सालचा, पावसाळा सरतानाचा. तो मुद्दाम निवडला आहे, कारण त्या वेळी या जातीची जुनी पाती बदलण्याचा आदेश निघालेला होता आणि बदलण्याची मुदत अजून संपलेली नव्हती. मुदत शिल्लक असते तेव्हाच देखभालीतले खरे वाद होतात. मुदत संपल्यावर वादाला जागाच उरत नाही, यंत्र जमिनीवर राहते.

पाते कसे बनते

आर-४४ आणि त्याचे दोन आसनी धाकटे भावंड आर-२२ ही दोन्ही यंत्रे कॅलिफोर्नियातील टोरन्स येथे बनतात. आर-२२ ला १९७९ साली प्रमाणपत्र मिळाले, आर-४४ ला १९९२ साली. दोन्हींना लायकॉमिंगचे पिस्टन इंजिन आणि दोन पात्यांचा मुख्य रोटर आहे. आर-४४ च्या मुख्य रोटरचा व्यास ३३ फूट, म्हणजे दहा मीटरांहून किंचित अधिक आहे. रोटर मिनिटाला ४०८ फेरे घेत असताना पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २१५ मीटर, म्हणजे ताशी साधारण ७७५ किलोमीटर वेगाने हवा कापत असते. या वेगाला पावसाचा थेंबही मऊ राहत नाही, आणि खडीच्या भुकटीचा कण तर पॉलिश पेपरचे काम करतो.

पात्याच्या पुढच्या कडेला स्टेनलेस स्टीलचा इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचा स्पार असतो. केंद्रापासून बाहेर खेचणारा सगळा ताण तोच पेलतो. स्पारच्या मागे अ‍ॅल्युमिनियमचा हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा, गाभा असतो आणि त्यावर वरून व खालून पातळ पत्र्याची स्किन बसवलेली असते. ज्या जुन्या पात्यांविषयी हे प्रकरण आहे त्यांची स्किनही स्टेनलेस स्टीलची होती. स्पार, गाभा आणि स्किन एकमेकांना चिकटद्रव्याने जोडलेली असतात, रिव्हेटने नाही. त्यात गैर काही नाही. रिव्हेटच्या प्रत्येक भोकापाशी ताण साठतो आणि तिथूनच तडा जाण्याची शक्यता असते, तर चिकटवलेला जोड ताण सारखा पसरवतो. मात्र त्याची एक अट आहे. जोडाची उघडी कड वाऱ्याच्या, पाण्याच्या आणि धुळीच्या थेट माऱ्याखाली येता कामा नये.

ही कड पात्याच्या पुढच्या काठापासून सुमारे एक इंच मागे, स्किन जिथे स्पारवर येऊन संपते तिथे असते. पात्याच्या खालच्या अंगाला आणि टोकाजवळ तिच्यावर सर्वांत जास्त मारा होतो. तिच्यावर संरक्षण असते ते केवळ रंगाचे. रंग झिजून खालचा धातू उघडा पडला की वारा स्किनच्या कडेखालचे चिकटद्रव्य पोखरू लागतो, आणि एकदा कड किंचित उचलली गेली की तिला सोलून काढण्याचे काम ताशी पावणेआठशे किलोमीटरचा वारा स्वतःच करतो. म्हणून या पात्यांवरचा रंग हा संरचनेच्या संरक्षणाचा भाग धरला जातो. गाडीच्या बॉनेटवरचा रंग आणि हा रंग यांत जो फरक आहे, तो हेलिपॅडवर वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतोच असे नाही. या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे.

आदेश आणि मालकाचे गणित

स्किन सुटण्याचे प्रकार काही यंत्रांत उड्डाणादरम्यान, तर काहींत देखभालीच्या वेळी आढळल्यावर अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाने, म्हणजे एफएएने, २००७ साली पहिला आदेश काढला. २०११ साली त्याची जागा अधिक कडक आदेशाने घेतली आणि २०१४ च्या अखेरीस तिसरा आदेश आला. पाहणीचा क्रम असा होता: दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी पात्याच्या खालच्या अंगाला, टोकाजवळ उघडा धातू दिसतो का ते पाहायचे, दिसला तर पुढचे उड्डाण करण्याआधी जोड तपासायचा, आणि तो शाबूत असेल तरच पुन्हा रंग द्यायचा. आधी तपासणी, मग रंग. तिसऱ्या आदेशाने आणखी एक गोष्ट केली. स्टीलच्या स्किनची पाती पाच वर्षांच्या आत काढून अ‍ॅल्युमिनियमच्या स्किनची नवी पाती बसवण्याचे बंधन घातले. म्हणजे अंतिम मुदत २०२० च्या सुरुवातीची. यंत्राच्या आराखड्याला ज्या देशाने मान्यता दिली, त्या देशाचे असे आदेश भारतात नोंदलेल्या यंत्रांवरही पाळावे लागतात, आणि डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, तपासणीत त्यांच्या पूर्ततेची नोंद पाहिली जाते.

मालकांचा व्यवसाय खडी आणि बांधकामाचा. हेलिकॉप्टर स्वतःच्या कामासाठी घेतलेले, पण लग्नसराईत, निवडणुकीत आणि उत्सवांत पुष्पवृष्टीसाठीही ते वापरले जाई. या पात्यांचे आयुष्य २,२०० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी भरेल ते असे ठरलेले आहे. या यंत्रावरची पाती २००८ सालची होती आणि तासांच्या हिशेबाने त्यांचे निम्मे आयुष्यही संपलेले नव्हते. मालकांनी केलेले गणित वरकरणी बिनचूक होते. बारा वर्षे २०२० मध्ये भरतात, आदेशाची मुदतही २०२० मध्येच संपते. मग तोपर्यंत जुनी पाती वापरावीत आणि त्या वर्षी एकदाच खर्च करावा. “तास कुठं झालेत साहेब? मशीन निम्मं वर्ष तर उभंच असतं,” असे ते अभियंत्याला म्हणत.

या वाक्यातच चूक दडलेली आहे, आणि ती एकट्या या मालकांची नाही. पात्याच्या मुळाशी असलेल्या फिटिंगला धातूचा थकवा येतो तो फेऱ्यांच्या संख्येने, म्हणजे तासांनी. ऑस्ट्रेलियात २००३ साली एका आर-२२ चे मुख्य पाते मुळाच्या फिटिंगमधील बोल्टच्या भोकापाशी थकव्याच्या तड्याने तुटले आणि आतील दोघे मृत्युमुखी पडले. त्या जागेच्या बाबतीत तासांचा हिशेब हाच पहिला पहारेकरी, आणि म्हणूनच उड्डाणाचे तास कमी नोंदवण्याची सवय इतकी घातक ठरते. टोकाजवळच्या चिकटलेल्या कडेला मात्र तास मोजता येत नाहीत. तिचे शत्रू दोन: उडताना धूळ आणि पाऊस, उभे असताना ओल आणि खार. उभ्या यंत्राचे मीटर थांबते, ओलीचे थांबत नाही. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला डोंगराकडच्या खाणींची आणि क्रशरची भुकटी, आसपास रसायनांचे कारखाने, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडणारा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. या पट्ट्यात निम्मे वर्ष उभे असलेले यंत्र विश्रांती घेत असते असे समजणे धाडसाचे आहे. पात्यांवर कापडी खोळी चढवलेल्या होत्या हे खरे, पण एकदा आतून भिजलेली खोळ दोन दिवस ओल धरून ठेवते आणि तिच्याखाली पाते उघड्यापेक्षाही उशिरा सुकते. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांलगत, आणि मध्ये खारट ओल, ही गंजाला लागणारी सगळी सामग्री असते.

दसऱ्याआधीचे रंगकाम

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खोळी काढल्या तेव्हा पात्यांची टोके पिचलेली दिसत होती. टोकाच्या पट्ट्याचा रंग खालच्या बाजूने उडालेला होता आणि दोन-तीन ठिकाणी राखाडी चकाकी डोकावत होती. त्या वर्षी ३० सप्टेंबरला दसरा होता. खंडेनवमीला आणि दसऱ्याला खाणीतल्या डंपरपासून हेलिकॉप्टरपर्यंत सगळ्या यंत्रांची पूजा होई, हार चढत, फोटो निघत; शिवाय दसऱ्याच्या संध्याकाळी पुष्पवृष्टीचे एक उड्डाणही ठरले होते. हेलिपॅडच्या व्यवस्थापकाने वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजच्या रंगाऱ्याला बोलावले. रंगारी कसबी होता. त्याने उडालेला रंग सँडर मशीन फिरवून काढला, खाचा दिसल्या तिथे लांबी (खाचा बुजवणारी पुटी) भरली, प्राइमर मारला आणि वरून पीयू कलरचे दोन हात दिले. पाती नव्यासारखी दिसू लागली. अभियंता त्या आठवड्यात दुसऱ्या कामावर बाहेरगावी होता. त्याला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण कोणाच्याच दृष्टीने हे ‘काम’ नव्हते, साफसफाई होती.

येथे क्रम उलटा झाला. उघडा धातू दिसणे हीच तपासणीची घंटा होती, आणि ती वाजायच्या आतच रंगाखाली गाडली गेली. दसऱ्याच्या दिवशी वैमानिकाने नियमाप्रमाणे पहिल्या उड्डाणाआधी टोके पाहिली, त्याला उघडा धातू दिसला नाही, आणि त्याने सही केली. सही खोटी नव्हती. वैमानिक लष्करातून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस होता आणि त्याने डोळ्यांना दिसले तेच लिहिले. पण पाहणीच्या या पद्धतीत एक गृहीतक आहे: रंग शाबूत असेल तर त्याखालची कडही झाकलेली आणि सुरक्षित आहे. रंग कधी, कोणी आणि कशावर दिला हे माहीत नसेल तर या गृहीतकाला काहीच अर्थ उरत नाही. माझ्या मते या प्रकरणात ज्याला अपघाताचे बीज म्हणावे ते ओलीत किंवा चिकटद्रव्यात शोधण्यापेक्षा या ताज्या रंगात शोधावे. झिजलेली कड उघडी राहिली असती तर त्याच दिवशी उड्डाण थांबले असते.

थरथर

पुष्पवृष्टीचे उड्डाण कमी वेळाचे आणि कमी वेगाचे होते, त्यात काही जाणवले नाही. त्यानंतर मालकांच्या कुटुंबाला घेऊन शिर्डीला जाताना, कसाऱ्याचा घाट ओलांडल्यावर वैमानिकाला आसन डावी-उजवीकडे हलकेच ढकलले जात असल्यासारखे वाटले. दोन पात्यांच्या हेलिकॉप्टरला प्रत्येक फेऱ्यात दोनदा येणारी एक अंगभूत थरथर असते. आर-४४ मध्ये ती सेकंदाला साडेतेराच्या आसपास होते, वेग वाढवला की वाढते, आणि वैमानिक तिला सरावलेले असतात. ही त्यापेक्षा संथ होती. फेऱ्याला एकदा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात. परत आल्यावर त्याने लॉगबुकात नोंद केली: ‘फेऱ्याला एक, आडवी थरथर, वेगाने फारसा फरक नाही.’ या एका ओळीसाठी वैमानिकाला पूर्ण गुण द्यावे लागतील. नुसते ‘व्हायब्रेशन जास्त’ असे लिहिले असते तर तपासाची दिशाच मिळाली नसती. आडवी थरथर वजनाचा तोल बिघडल्याचे सांगते, तर उभी उसळी दोन पात्यांची टोके एकाच पातळीत फिरत नसल्याचे, म्हणजे ट्रॅक बिघडल्याचे.

व्यवस्थापकाची सूचना सरळ होती. “बॅलन्सिंग करून घ्या साहेब, परवा नाशिकची ट्रिप आहे.” बॅलन्सिंग म्हणजे यंत्रावर कंप मोजणारे उपकरण लावून, ठरलेल्या जागी वजनाच्या चकत्या वाढवून किंवा कमी करून थरथर आटोक्यात आणणे. हे काम अर्ध्या दिवसात झाले असते, थरथर बहुधा गेलीही असती आणि सगळे खूश झाले असते. अभियंत्याने ते केले नाही. त्याने लॉगबुक उलटे वाचायला घेतले, कारण त्याच्या मनात एकच प्रश्न होता: मागच्या बॅलन्सिंगनंतर रोटरमध्ये काय बदलले? पाती तीच, हब (पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग) तोच, पिच लिंकला (पात्याचा कोन बदलणाऱ्या दांडीला) कोणी हात लावलेला नाही. काहीच बदललेले नसेल तर तोल बिघडण्याचे कारण उरत नाही. आणि कारण कळण्याआधी चकत्या लावणे म्हणजे तापाचे मूळ न शोधता थर्मामीटर झटकणे.

लॉगबुकात काही सापडले नाही. सापडले ते कार्यालयातल्या किरकोळ खर्चाच्या व्हाउचरांत: ‘पंखा कलरकाम, मजुरी व मटेरियल.’ यंत्राचा इतिहास हिशेबनीसाच्या टाचणीत आणि लॉगबुक कोरे, ही स्थिती छोट्या मालकांकडे अपवादाने आढळते असे म्हणता येणार नाही.

रंगाऱ्याला बोलावून घेतले. अभियंत्याने त्याच्यावर आवाज चढवला नाही, त्यामुळे त्याला हवी ती माहिती मिळाली.

“दादा, रंग काढलात तेव्हा खाली काय दिसलं?”

“पत्र्याची कड दिसत होती साहेब, लांब रेघ. जराशी उचलल्यासारखी. तिथं लांबी भरून लेव्हल केली.”

“दोन्ही पात्यांना?”

“एकालाच. दुसरं बरं होतं.”

थरथरीचा उलगडा झाला. टोकापाशी प्रत्येक वस्तूचे वजन केंद्रापासून दूर खेचणाऱ्या ओढीमुळे नऊशे पटींहून अधिक भासते. व्यास आणि फेरे यांवरून हिशेब केला तर ते सुमारे ९३५ पट येते. एका पात्याच्या टोकावर वीस ग्रॅम लांबी जास्त बसली, तर फिरताना हबला एका बाजूने जवळजवळ १९ किलोंचा झटका दर फेऱ्याला बसतो. रंगाऱ्याने दोन चमचे लांबी वापरली असेल. कारखान्यात याच पात्यांचा तोल ग्रॅमांत जुळवलेला होता.

पण अभियंत्याच्या दृष्टीने लांबीचे वजन दुय्यम ठरले होते. ‘उचलल्यासारखी कड’ हे शब्द ऐकल्यावर त्याने यंत्रावर ‘उड्डाणास अयोग्य’ अशी नोंद केली आणि मगच पुढच्या कामाला हात घातला.

नाण्याचा आवाज

नवा रंग काढणे हेच मुळात नाजूक काम होते. रंग काढण्याचे रसायन चोळले असते तर ते कडेत झिरपून चिकटद्रव्यालाच मऊ करू शकले असते, त्यामुळे ते वर्ज्य. मशीनचा सँडरही वर्ज्य, कारण तो रंग आणि पत्रा यांत भेद करत नाही. आणि आडव्या ओरखड्याचे टोक पुढे तड्याचे टोक होऊ शकते. बारीक पेपर हाताने, मुळाकडून टोकाकडे, थोडा थोडा फिरवत त्याने लांबीपर्यंतचा थर उतरवला. लांबी निघाली तशी खालची रेघ दिसू लागली. स्पारच्या पायरीवर स्किन जिथे संपते तिथे, टोकाकडच्या बाजूला, पत्र्याची कड नखाला लागत होती. सँडरच्या आडव्या खुणाही स्पष्ट होत्या.

मग टॅप टेस्ट. नाण्यासारख्या एखाद्या लहान, कठीण वस्तूने पात्यावर हलके टिचक्या मारत जायचे आणि आवाज ऐकायचा, इतकी ती साधी आहे. बाजारात मडके घेताना आपण जे करतो तेच: जोड घट्ट असेल तिथे आवाज स्वच्छ, टणत्कारी येतो, जोड सुटलेला असेल तिथे तो बद्द होतो. उपकरण कोणालाही मिळण्यासारखे, पण कान तयार असावा लागतो आणि आसपास शांतता असावी लागते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिवसभर कंटेनरची रांग असते आणि शेजारच्या प्लॉटमध्ये प्रेस चालतो, म्हणून अभियंत्याने पहाटेची वेळ निवडली, दुसऱ्या पात्यापासून सुरुवात केली आणि निरोगी जोडाचा आवाज आधी कानात बसवून घेतला. स्पारवर, स्किनच्या मध्यावर आणि मागच्या कडेला आवाज मुळातच वेगवेगळा येतो. हे ठाऊक नसेल तर चांगल्या जागेला खोट आणि खोटीला चांगली जागा ठरवले जाते. पहिल्या पात्यावर तो टोकाकडून मुळाकडे सरकत गेला. टोकाजवळ, कड उचललेल्या रेघेच्या मागे, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात आवाज बद्द येत होता. त्याने पेन्सिलीने हद्द आखली, व्यवस्थापकाच्या हातात नाणे दिले आणि कान लावायला सांगितले. व्यवस्थापकाने दोनदा वाजवले आणि नाशिकच्या ट्रिपचा विषय पुन्हा काढला नाही.

टॅप टेस्टची एक मर्यादा येथे नोंदवायला हवी, कारण तिच्यावर भाबडी श्रद्धा ठेवणारे अभियंतेही आहेत. जोड सुटून फट पडली असेल तर ती आवाजात कळते. जोड दुबळा झाला आहे पण दोन्ही पृष्ठभाग अजून एकमेकांना टेकलेले आहेत, अशी अवस्था नाण्याला कळत नाही. म्हणून ‘पट्टा बोटभरच आहे, उरलेले पाते ठणठणीत आहे’ या युक्तिवादाला जागा नाही. नाण्याने दाखवलेली हद्द ही सुटलेल्या भागाची असते, बिघडलेल्या भागाची नव्हे. शिवाय नियमाप्रमाणे जोड सुटल्याचे आढळलेले पाते दुरुस्त करून वापरता येत नाही. चिकटद्रव्य भरून कड पुन्हा दाबण्याची सोयच नाही, कारण मूळ जोड ठरावीक उष्णतेत आणि दाबाखाली, साच्यात घडवलेला असतो.

नव्या पात्यांवरचा आक्षेप

मालकांनी पाते बाद झाल्याचे मान्य केले, पण नवी पाती मागवण्यावर त्यांचा एक आक्षेप होता आणि तो माहितीचा होता. “न्यूझीलंडमध्ये नवी पाती पण तडकली म्हणे. मग जुन्यातलंच एखादं चांगलं मिळालं तर बसवू की!” बातमी खरी होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या विमानवाहतूक प्राधिकरणाने अ‍ॅल्युमिनियमच्या स्किनची पाती बसवलेली आर-४४ हेलिकॉप्टरे काही दिवस जमिनीवर ठेवली होती, कारण एका पात्याच्या मागच्या कडेला तडा आढळला होता.

अभियंत्याने हा आक्षेप उडवून लावला नाही, आणि मला ते योग्य वाटते. त्याने दोन्ही दोषांची तुलना केली. नव्या पात्यातला तडा मागच्या कडेला, जिथे पात्याची रुंदी बदलते त्या जागेच्या आसपास ताण साठल्याने सुरू होणारा होता; त्या जागेची पाहणी आणि कड गुळगुळीत करण्याची दुरुस्ती उत्पादकाने सांगितलेली होती; आणि धातूतला तडा डोळ्यांना, भिंगाला दिसतो. जुन्या पात्याचा दोष चिकटलेल्या थरात, रंगाच्या आड वाढतो. मागच्या कडेच्या तड्यावर कोणी रंग मारला तरी तडा वाढताना रंगालाही चिरतो. चिकटद्रव्य सुटताना वरचा रंग बराच काळ अखंड राहू शकतो. दोष नसलेले पाते जगात नाही. कोणता दोष आपल्या तपासणीला सापडण्यासारखा आहे, एवढेच निवडायचे असते. जुने, वापरलेले स्टीलचे पाते बाजारातून आणायचे तर ते कोणत्या हवेत किती वर्षे उभे होते आणि त्याच्यावर कोणी कधी रंग मारला, हे कागदावर लिहिलेले नसणार. आणि असे पाते २०२० मध्ये पुन्हा काढावेच लागणार होते.

मालकांनी आणखी एक मुद्दा मांडला: या जातीच्या हेलिकॉप्टरांचे इतके अपघात होतात, मग पात्याचीच काय चिंता? हा समज मराठी वर्तमानपत्रांच्या बातम्यांतूनही दिसतो, म्हणून त्याविषयी दोन वाक्ये. हलक्या दोन-पाती हेलिकॉप्टरांच्या अपघातांत मोडलेले पाते सापडते तेव्हा ते बहुतेक वेळा कारण नसते, परिणाम असतो. झोपाळ्यासारख्या डुलणाऱ्या हबवर बसलेला रोटर, यंत्र क्षणभर वजनहीन झाल्यावर चुकीच्या हालचालीने रोटरच्या उभ्या दांड्यावर, म्हणजे मास्टवर, आपटतो आणि पाते केबिनलाही धडकू शकते; या आपटण्याला मास्ट बम्पिंग म्हणतात, आणि त्यासाठीच अमेरिकेत १९९५ पासून आर-२२ व आर-४४ च्या वैमानिकांना वेगळे प्रशिक्षण सक्तीचे झाले. त्यावरचा उपाय वैमानिकाच्या हातात आहे. चिकटद्रव्य सुटण्यावर उड्डाणात वैमानिकाकडे फारसा उपाय नसतो: थरथर अचानक वाढली तर तातडीने उतरणे, एवढाच.

निर्णय आणि नोंदी

अ‍ॅल्युमिनियमच्या स्किनच्या पात्यांची जोडी मागवण्यात आली. दुसरे पाते आवाजात निर्दोष होते, तरी दोन वेगळ्या बांधणीची पाती एका हबवर बसवता येत नसल्याने तेही उतरवले गेले. परदेशातून माल, कस्टम, कागदपत्रे यांत तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई बुडाली, आणि मालकांना जी रक्कम २०२० पर्यंत वाचवायची होती तिच्या जोडीला त्या हंगामाचे भाडेही गेले. हेलिपॅडवर हवेशीर शेड बांधण्याचा खर्च मालकांनी मागची दोन वर्षे पुढे ढकलला होता. तो या वेळी मंजूर झाला.

कामाच्या पद्धतीत तीन फरक करण्यात आले. पात्यांना, हबला किंवा टेल रोटरला कोणत्याही कारणाने रंग, पॉलिश किंवा लांबी लागली तर ती परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय लागणार नाही, आणि तिची नोंद लॉगबुकात होईल. व्हाउचर मंजूर करताना हिशेबनीस त्या नोंदीचा क्रमांक मागेल. हा शेवटचा भाग अभियंत्याने आग्रहाने घालून घेतला, कारण छोट्या आस्थापनेत सूचनाफलक कोणी वाचत नाही, पण पैसे मागायला सगळे हिशेबनीसाकडे येतात. पावसाळ्यात उभ्या यंत्राच्या खोळी पाऊस उघडेल त्या दिवशी काढून पाती गोड्या पाण्याने धुऊन सुकवायची, आणि पुन्हा कोरड्याच खोळी चढवायच्या. वैमानिकाच्या रोजच्या पाहणीच्या कागदावर ‘उघडा धातू नाही’ या रकान्याशेजारी ‘मागील रंगकामाची तारीख’ असा एक रकाना वाढवण्यात आला. नव्या पात्यांना जुन्या आदेशातली रोजची पाहणी लागू नव्हती, तरी वैमानिकाने तो रकाना ठेवायला सांगितला.

एक प्रश्न सुटला नाही. कड आधीच सुटलेली होती आणि सँडरने ती फक्त उघडी केली, की खारट ओलीने दुबळ्या झालेल्या कडेला सँडरनेच उचलले, याचा निवाडा पाते प्रयोगशाळेत कापल्याशिवाय करता आला नसता, आणि तेवढा खर्च करण्याचे कारण मालकांना दिसले नाही. रंगाऱ्याच्या ‘उचलल्यासारखी’ या शब्दावर अभियंत्याचा कल पहिल्या शक्यतेकडे होता. वैमानिकाचा कल दुसरीकडे होता, कारण मे महिन्याच्या शेवटच्या पाहणीत त्याने त्याच जागी बोट फिरवले होते आणि त्याला काही लागले नव्हते.

उतरवलेल्या दोन पात्यांपैकी एक कार्यालयाच्या भिंतीवर लावण्याची मालकांची इच्छा होती. अभियंत्याने होकार दिला, पण त्याआधी दोन्ही पाती मुळापाशी आरपार कापून घेतली, अनुक्रमांकांच्या पट्ट्या काढल्या आणि ‘वापरातून कायमची बाद’ अशी नोंद दोन्ही क्रमांकांसह लॉगबुकात केली. बाद पाते अखंड राहिले तर ते कधीतरी, कोणाच्या तरी यंत्रावर, नव्या रंगासह पुन्हा चढू शकते.